बुबुळाचे कलम आणि सणासुदीची सुट्टी

आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींनी आम्हांला आधीच छेडले. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे; बुबुळाच्या शस्त्रक्रियेशी आणि त्यानंतरच्या पथ्यपाण्याशी त्याचे काय नाते? नाते आहे, आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. ज्या माणसावर ही शस्त्रक्रिया जगात पहिल्याने यशस्वी झाली, तो रोजंदारीवरचा मजूर होता. आपल्या जिल्ह्यात तरी बुबुळे कोणाची जातात? उद्यमनगरात किंवा शिरोलीत ग्राइंडरपुढे उभा राहणाऱ्याची, इचलकरंजीत मागावरून उडालेला धोटा डोळ्यावर घेणाऱ्याची, उसाच्या फडात पानाच्या धारेने डोळा कापून घेणाऱ्याची. कायद्याच्या कलमांशी आमचा घरोबा जुनाच. डोळ्याच्या कलमाशी ओळख झाली ती अशा माणसांमुळे. आमचे शालेय शिक्षण थोडे. आमची विद्यापीठे दोनच, एक युनियनची कचेरी आणि दुसरे करवीर नगर वाचन मंदिर. तेव्हा जे सांगू ते वैद्याच्या अधिकाराने नव्हे, वाचलेल्या आणि पाहिलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगू.

आधी शब्द नीट करून घेऊ. डोळ्याच्या पुढल्या अंगाला घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा आहे. शास्त्रात त्याला कॉर्निया म्हणतात, बोलताना आपण बुबुळच म्हणतो. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मार लागून, जखम चिघळून, चुना किंवा तेजाब उडून, पूर्वी देवीच्या साथीत, हा पडदा पांढरा पडे. त्यालाच आपल्या आयाबाया ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणत. मोतीबिंदू निराळा, तो आतल्या भिंगाचा रोग. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उभे केले, आणि मोतीबिंदूची माणसे तेथून डोळस होऊन परतू लागली. पण फूल पडलेल्याला त्या काळी मिरजेतच काय, लंडनलाही इलाज नव्हता. आजही लोक ‘डोळा बदलला’ असे म्हणतात. डोळा कोणी बदलत नाही. पांढरी पडलेली चकती कापून काढावयाची आणि मृत माणसाच्या डोळ्यातली स्वच्छ चकती तेथे बसवावयाची, एवढेच ते काम. आंब्याचे कलम बांधणाऱ्याला ते आमच्यापेक्षा लवकर समजेल.

कल्पना जुनी आहे. सॅम्युएल बिगर नावाचा आयरिश डॉक्टर इजिप्तमध्ये अरबांच्या कैदेत असताना त्याने एका पाळीव हरिणीच्या आंधळ्या डोळ्यावर दुसऱ्या हरिणाचे बुबुळ बसवले, आणि १८३७ साली ती हकीकत छापली. त्यावरून हुरूप घेऊन माणसाच्या डोळ्यावर डुकराचे बुबुळ बसवण्याचेही प्रयोग झाले. ते सारे फसले. परजातीचे बुबुळ माणसाला धरत नाही, हे कळावयास साठसत्तर वर्षे आणि पुष्कळ डोळे खर्ची पडले.

मग १९०५ साल उजाडले. त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात मोराव्हिया नावाचा प्रांत होता, आज तो चेक देशात आहे. तेथील ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म हे नेत्रवैद्य होते. त्यांच्याकडे आलोइस ग्लोगर नावाचा ४५ वर्षांचा मजूर आला. चुन्याचे काम करताना दोन्ही डोळे पोळलेले, दोन्ही बुबुळे पांढरी. त्याच सुमारास ११ वर्षांचा एक मुलगा आला. त्याच्या डोळ्यात लोखंडाची कपची घुसली होती, तो डोळा वाचण्यासारखा नव्हता आणि काढावाच लागणार होता. बुबुळ मात्र स्वच्छ होते. ७ डिसेंबर १९०५ रोजी झिर्म यांनी त्या बुबुळाच्या चकत्या ग्लोगरच्या दोन्ही डोळ्यांत बसवल्या. उजवीकडची गेली. डावीकडची स्वच्छ राहिली, आणि काही महिन्यांनी तो माणूस शेतावर कामाला लागला.

या हकीकतीत चुना आहे आणि लोखंडाची कपची आहे, इकडे आमचे लक्ष जाणे साहजिकच होय. एकाचा डोळा चुन्याने गेला, दुसऱ्याचा लोखंडाने, आणि लोखंडाने गेलेल्यातून चुन्याने गेलेला परत मिळाला. पुढल्याच वर्षी, १९०६ साली, आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कापडाची गिरणी काढली. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आम्हांला सनावळी अशीच लक्षात राहते.

झिर्म यांच्या यशातली एक बारकाई पुढल्या साऱ्या पथ्यांची जननी आहे. बुबुळाच्या काठाला टाका घालण्याइतका बारीक दोरा व सुई त्या काळी नव्हती. म्हणून त्यांनी चकती नुसती बसवली आणि डोळ्याच्या पांढऱ्यावरच्या पातळ त्वचेतून दोरे आडवेतिडवे ओढून ती वरून दाबून धरली. म्हणजे कलम धरून ठेवणारे काय, तर दोन दोरे आणि रोग्याचा संयम. खोकला आला, शिंक आली, मान वळली की चकती सरकणार. पुढली तीसचाळीस वर्षे शस्त्रक्रियेनंतर रोग्याला उताणे निजवीत, दोन्ही डोळे बांधीत आणि डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवीत. हातावर पोट असलेल्या माणसाने असे दिवसेंदिवस पडून राहावयाचे! त्या काळी पथ्य कडक होते, पण इस्पितळाच्या भिंतींच्या आतले होते; पाळावयाला परिचारिका समोर होती.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. ओडेसाच्या फिलातोव यांनी १९३० नंतरच्या दशकात मृताच्या डोळ्याचे बुबुळ थंडीत राखून वापरण्याची पद्धत रूढ केली. जिवंत माणसाचा काढून टाकलेला डोळा मिळण्याची वाट पाहणे संपले. न्यूयॉर्कला पॅटन यांच्या पुढाकाराने १९४४ साली पहिली नेत्रपेढी निघाली. आपल्याकडे १९४५ साली मद्रासला नेत्रपेढी झाली आणि तेथेच डॉक्टर मुथय्या यांनी १९४८ साली भारतातले पहिले बुबुळरोपण केले. मुंबई राज्याने १९५७ साली या कलमासाठी स्वतंत्र कायदा केला. कोल्हापूर तेव्हा त्या राज्यात विलीन झालेले होते, म्हणून तो आपलाही कायदा. शेजारच्या सिंहलद्वीपात हडसन सिल्व्हा यांनी आई १९६० साली वारली तेव्हा तिचीच बुबुळे एका गरीब शेतकऱ्याला बसवली, आणि पुढे त्या चिमुकल्या देशाने परदेशांना हजारो डोळे पाठवले. १९७४ साली बुबुळ चार दिवसांपर्यंत राखणारे द्रव निघाले. पण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, हे बंधन आजही आहे. रडणाऱ्या घराने त्या सहा तासांत होकार द्यावयाचा असतो. पथ्यांची यादी वाचून कंटाळणाऱ्याने हे तास डोळ्यांपुढे आणावेत.

आता मुद्द्याची गोष्ट. बुबुळात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर ते पारदर्शक राहिलेच नसते. परके मांस अंगात आले की शरीर ते ओळखून बाहेर घालवते, आणि ही ओळख पटवणारे शिपाई मुख्यत्वे रक्तातून हिंडतात. रक्त जेथे पोचत नाही तेथे परका बराच काळ निर्धास्त राहतो. पीटर मेडावर यांनी १९४८ साली सशांवर प्रयोग करून डोळ्याच्या या सवलतीचा उलगडा केला. पुढे १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच क्षेत्रातल्या कामाबद्दल. परंतु, श्रोतेहो, निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने वसूल करतो. जखम भरून आणणारा मालमसालाही रक्तातूनच येतो. हाताला कापले तर आठ दिवसांत खपली पडते. बुबुळाची गोल जखम भरावयास वर्ष जाते, आणि भरली तरी मूळची ताकद तिला कधीच येत नाही. ज्या गुणामुळे कलम धरते त्याच गुणामुळे सांधा कच्चा राहतो.

पुढे सूक्ष्मदर्शक यंत्र आले, केसाहून बारीक नायलॉनचा दोरा आला, कॉर्टिसोनच्या जातीची औषधे आली. वाळूच्या पिशव्या गेल्या. रोगी दोनचार दिवसांत घरी येऊ लागला. प्रगती झाली हे खरेच. पण तिचा एक परिणाम आम्हांला असा दिसतो की, अंथरूण लवकर सुटल्यामुळे माणसाला आजारही सुटला असे वाटते. टाके वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ डोळ्यात असतात, थेंब महिनोन्‌महिने, कित्येकांना वर्षानुवर्षे घालावे लागतात. पूर्वीचे पथ्य कडक आणि आखूड होते. आताचे सौम्य आहे, पण लांब आहे, आणि ते घरी, रस्त्यावर, जत्रेत पाळावयाचे आहे.

येथे सुट्टीचा इतिहास आणि डोळ्याचा इतिहास एकत्र येतात. सुट्टी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. १९४८ च्या कारखाना कायद्याने २४० दिवस भरणाऱ्याला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. त्याच कायद्याच्या ३५ व्या कलमाने कपच्या उडणाऱ्या कामावर डोळ्यांना आडोसा किंवा चष्मा देणे मालकावर बंधनकारक केले. हे कलम जितक्या ठिकाणी पाळले गेले असते तितकी दुसरी कलमे करण्याची पाळी आली नसती! राज्य विमा योजनेतला आजारपणाचा भत्ता पुढे वर्षाला ९१ दिवसांपर्यंत गेला. आता हिशेब करा. रजा ९१ दिवसांची, टाके ३६५ दिवसांचे. उरलेले दिवस माणूस भट्टीपुढे उभा असतो. आणि मागवाल्याला किंवा ऊसतोडणीच्या माणसाला हे ९१ दिवस तरी कोठले? म्हणून त्याची सारी सुट्टी म्हणजे सणाची सुट्टी, आणि ती त्याला घरात बसून काढा असे सांगण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. सण करावा. कसा करावा तेवढे पाहू.

चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा भरते. गुलालाने डोंगर गुलाबी होतो. माणसाच्या कानात, नाकात, पापण्यांच्या केसांत गुलाल असतो. कलम केलेल्या डोळ्यात तो गेला तर खरी भीती गुलालाची नाही, तो काढण्यासाठी आपोआप वर जाणाऱ्या हाताची आहे. चोळला की टाका तुटतो, तुटल्या टाक्याला धूळ चिकटते, आणि तेथून पू होतो. टाके असेतो दाटीत शिरू नये. पुढेही चारी बाजूंनी बंद असा चष्मा लावूनच जावे. पट्टणकोडोलीच्या यात्रेतल्या भंडाऱ्याला हाच नियम. रंगपंचमीचे तर सांगावयासच नको. आपल्या गावात त्या दिवशी ओळख असो वा नसो, तोंडाला रंग फासतात. पहिल्या वर्षी दुपार टळेपर्यंत दार लावून बसणे यात भित्रेपणा नाही. लोटांगण, दंडवत, डोक्यावर घागर, सासनकाठीला खांदा, ही सेवा टाके निघेपर्यंत दुसऱ्याकडून करवून घ्यावी. वाकण्याने आणि जोर करण्याने डोळ्यावर ताण येतो.

नरसोबाच्या वाडीला जाऊन कृष्णेत बुडी मारल्याशिवाय आपल्या माणसाला यात्रा झाल्यासारखे वाटत नाही. नदीच्या, तळ्याच्या, पोहण्याच्या हौदाच्याही पाण्यात असे सूक्ष्म जीव असतात की जे निरोगी डोळ्याला सहसा बाधत नाहीत, पण कच्च्या सांध्यातून शिरले तर बुबुळ खाऊन टाकतात. थेंबांच्या औषधाने डोळ्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली असते, हे विसरू नये. काठावर बसून पाय धुवावेत, अंगावर तांब्याने पाणी घ्यावे, डोळे मिटून. रंकाळ्यावर हवा खावयास खुशाल जावे.

तालमीचे काय? कोल्हापुरात हा प्रश्न आम्हांला हमखास विचारतात. बुबुळाची पूर्ण जाडी बदललेली असेल तर कुस्ती आणि कबड्डी सुटली असेच धरावे. कोपराचा एक फटका दहा वर्षांनंतरही सांधा उकलू शकतो. खासबागेत बसून कुस्ती पाहण्याला मात्र काही हरकत नाही. ज्या धोक्याची कोणी गणना करीत नाही तो निराळाच आहे: मे महिन्यात सुट्टीला आलेली भाचरे. कडेवर घेतलेल्या मुलाचे बोट सरळ डोळ्यात जाते. मुलाला कलमाच्या बाजूला घेऊ नये, चष्मा काढू नये, आणि रात्री सगळे ओळीने निजतात तेव्हा डोळ्यावर वैद्याने दिलेली प्लास्टिकची ढाल बांधून निजावे. गुऱ्हाळावर काकवी खावयास जाणे झाले तर चुलवाणापासून दूर, धुराच्या वाऱ्याला पाठ करून बसावे.

प्रवासाचे दोन शब्द. एस.टी.त खिडकीची जागा सोडावी. थेंबांच्या बाटल्या दोन घ्याव्यात, एक स्वतःजवळ आणि एक सोबत्याजवळ. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, कारण उघडी बाटली महिनाभरच चालते. खिशात एक चिठ्ठी असावी: कोणत्या डोळ्याला, कोणत्या तारखेला, कोणते कलम, कोणते औषध, कोणाचा दूरध्वनी. आता अलीकडची एक गोष्ट. हॉलंडच्या मेलेस यांनी पुढाकार घेऊन गेल्या पंचवीसतीस वर्षांत अशी शस्त्रक्रिया बसवली की बुबुळाचा फक्त आतला पातळ थर बदलतात. तेथे टाके नावालाच असतात. थर जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडतात आणि रोग्याला काही दिवस उताणे निजावयास सांगतात. म्हणजे वाळूच्या पिशव्यांच्या काळातले निजणे पुन्हा आले म्हणावयाचे, पण थोडक्या दिवसांपुरते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि हा बुडबुडा फुगतो. म्हणून तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. पण विमानात न बसणाऱ्यालाही हे लागू आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. मुंबईला शस्त्रक्रिया करून त्याच आठवड्यात सणाला घरी यावयाचे म्हणजे घाट चढून यावयाचे. आणि महाबळेश्वर तर कोल्हापुराच्याही दुपटीहून उंच. ‘बुडबुडा गेला का?’ हा प्रश्न तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावा.

एक हकीकत सांगतो. आमच्या एका सभासदाचे कलम उत्तम धरले होते. दीड वर्ष झाले, टाके निघाले, तो कामावर रुजू झाला. दिवाळीत डोळा लाल झाला. घरच्यांनी ठरवले, फटाक्यांच्या धुराने झाला असेल. उजेड खुपू लागला. तेही धुरावर गेले. सणाच्या दिवसांत डॉक्टरांना कशाला त्रास द्यावयाचा, भाऊबीज होऊ दे, म्हणून तो थांबला. गेला तेव्हा बुबुळ दुधाळ झाले होते. शरीराने परक्याला उशिरा का होईना ओळखले होते. असा उठाव वर्षांनंतरही होतो, आणि पहिल्या एकदोन दिवसांत औषध वाढवले तर पुष्कळदा मोडूनही काढता येतो. त्याचे ते दिवस फराळात गेले. त्याला आम्ही दोष देत नाही. सणाच्या दिवशी दवाखान्याची पायरी चढणे अपशकुनाचे मानणाऱ्या घरात आम्हीही वाढलो.

म्हणून चार खुणा ध्यानात ठेवाव्यात: लाली, उजेड न सोसणे, अंधुकपणा, दुखणे. चारही एकदम येण्याची वाट पाहू नये, एक आली तरी पुरे. रोज सकाळी चांगला डोळा, न दाबता, हाताने झाकावा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली एकच ओळ तेवढ्याच अंतरावरून वाचावी. कालची ओळ आज वाचता आली नाही तर सण असो, लग्न असो, उठावे. सुट्टीला दुसऱ्या गावी गेल्यावर ती भिंत नसते, म्हणून दिनदर्शिकेचे एक जुने पान घडी करून पिशवीत टाकावे. आणि निघण्यापूर्वीच त्या गावी सणाच्या दिवशी उघडा असणारा नेत्रवैद्य कोण, हे विचारून ठेवावे. जोतिबाच्या डोंगरावरून कोल्हापूर तासाभराच्या आत येते. यात्रेच्या गर्दीत त्याला किती तास लागतात ते आपण सगळे जाणतोच. तेव्हा यात्रेच्या मुख्य दिवसाऐवजी पुढल्या एखाद्या रविवारी, वाट मोकळी असताना जावे, असे आम्ही आमच्या माणसांना सांगतो, आणि बहुतेक ऐकतात.